मिसळीतला कोल्हा

खायच्या जिनसांची अक्षरं मांडून फोटो काढायचा मला नाद आहे. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका अक्षरकलेच्या प्रदर्शनाने माझी इडलीची बाराखडी परत पाठवली. शेरा होता, "सुबक आहे, पण भूक लागत नाही." हे फार जिव्हारी लागलं. म्हणून यंदा थेट मिसळीचं गाव गाठायचं ठरवलं. मिसळीने 'कोल्हापूर' लिहायचं आणि परीक्षकांच्या तोंडाला पाणी सुटलंच पाहिजे!

सकाळची एसटी धरा. रस्त्याची कामं चालू आहेत, त्यामुळे सोबत खाऊ आणि संयम दोन्ही ठेवा. स्टँडवरून रिक्षाने मंगळवार पेठेत मामाकडे उतरलो. मामींनी बेत ऐकून आधी अट घातली.

"अन्नाचा खेळ करतोस तर कर. पण शेवटी पोटात गेलं पायजे. डिंकबिंक लावलास तर परातीसकट भायेर!"

मग चिकटवायचं कशाने? गुळाने! दुसऱ्या दिवशी मामाला स्कूटरवर मागे बसवून शिरोळच्या बाजूचं एक गुऱ्हाळ गाठलं. हिवाळ्यातच जा. उसाचा रस मागावा लागत नाही, नको म्हणायची मात्र तयारी ठेवा.

"पावणं, गूळ कशाला?" गुऱ्हाळवाल्याने विचारलं.

"अक्षरं चिकटवायला."

"अक्षरं? मग शाळंत जावा की!"

तरी त्याने गरम गुळाचा गोळा बांधून दिला. तो मामाच्या मांडीवर होता. हातकणंगल्याला चहाला थांबलो तेव्हा गोळा निम्मा झाला होता.

"उन्हानं आटला आसंल," मिशा पुसत मामा म्हणाला.

फोटो पाठवायच्या शेवटच्या दिवशी सकाळीच मिसळ बांधून आणली, आणि कट, म्हणजे वरचा झणझणीत लाल रस्सा, वेगळा. परातीत मटकीचा 'को' आणि फरसाणाचा 'ल्हा' गुळाच्या पाकात पक्के बसवले. तिथे गूळ संपला. 'पूर' नुसत्या शेव-कांद्यावर भागवला. उजेड नीट पडावा म्हणून मामाच्या हातात थर्माकोल दिला, "अजिबात हलू नकोस" म्हणालो आणि कॅमेऱ्याची बॅटरी आणायला आत गेलो.

तेवढ्यात मामी देवळातून आल्या. बघतात तर नवरा कोरड्या मिसळीपुढे मुकाट बसलेला! कोल्हापुरात यापेक्षा मोठी नामुष्की नाही; त्यापुढे अक्षरं कोण बघतो!

"आवं, कोरडीच घिऊन बसलाय व्हय? थांबा!"

मी ओरडत बाहेर येईपर्यंत कटाचं पातेलं परातीत रिकामं झालं होतं. शेव-कांदा तरंगत काठाला लागला.

"मामा, बोलायचं तरी!"

"हलू नको म्हणालतास की!"

'पूर' वाहून गेला, मागे उरला नुसता 'कोल्हा'. मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. रागारागात एक फोटो काढला. मामींनी ब्रेड पुढे केला. (इथे मिसळीबरोबर ब्रेडच, पाव मागून हसं करून घेऊ नका.) 'को'ची मात्रा मामाने पहिल्याच घासात उडवली. गोड-तिखट 'ल्हा' मी खाल्ला आणि राग तिथेच विरघळला, इतका तो भारी लागला.

तोच फोटो पाठवला, दुसरा होताच कुठे? तो निवडला गेला. या वेळचा शेरा: "उपाशीपोटी बघायला नको होता."

त्या दिवशी शर्टावर उडालेला कटाचा डाग अजून गेलेला नाही. प्रदर्शनात लोक फोटोपुढे थांबून विचारतात, "कोल्हा दिसतोय, पण पूर कुठाय?"

मी त्या लाल रश्श्याकडे बोट दाखवतो.

"त्यो काय, आलाय की!"