आतेसासूबाईंची तिसरी पोळी

जावयाला जेवणात नापास करणारी सासू साऱ्या मराठी मुलखात शोधून सापडायची नाही; त्यासाठी जर्मनीत, एर्लांगेनला यावं लागतं. माझ्या बायकोच्या आत्या, म्हणजे माझ्या आतेसासूबाई, तिथे पस्तीस वर्षं राहतात. वैद्यकीय यंत्रांच्या चाचणी विभागातून निवृत्त झाल्यावर इतर बायका बागेला लागतात, ह्यांनी माणसं हाती घेतली. परदेशातून आलेल्या शिकल्यासवरल्या लोकांना इथे नोकरी कशी मिळवायची, हे त्या विनामूल्य आणि अत्यंत निर्दयपणे शिकवतात. माझ्या अर्जातून त्यांनी वडिलांचं नाव, ‘कष्टाळू’, ‘मनमिळाऊ’ आणि शाळेतलं वक्तृत्वाचं बक्षीस एका दमात उडवलं. “मनमिळाऊ आहात हे त्यांचं त्यांना कळू दे ना, तुम्ही कशाला सांगता?” वेळेच्या बाबतीत तर विचारूच नका. एकदा पावसात मी दहा मिनिटं आधी पोचलो, तर त्यांनी बाल्कनीतून छत्री खाली टाकली. दार मात्र ठरल्या वेळेलाच उघडलं.

मी सांगलीहून आलो होतो नोकरी शोधायच्या परवान्यावर. त्याचे चार महिने उरले होते, आणि तिकडे बायको आणि तीन वर्षांची लेक बॅगा भरून बसल्या होत्या. पहिल्याच मुलाखतीत समोरच्या बाईंनी मला विचारलं, अमुक सॉफ्टवेअर येतं का? मी त्याचं फक्त नाव ऐकलं होतं. पण समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं जिवावर येतं, म्हणून म्हटलं, हो, थोडंफार. त्यावर त्या बाईंनी शांतपणे लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पुढची पाच मिनिटं मला अजून आठवतात.

आतेसासूबाईंनी हकीकत ऐकली आणि म्हणाल्या, “आल्झो, तर मग जावईबापू, शनिवारी जेवायला या.” मला वाटलं, सांत्वन असेल. पुरणपोळ्यांचा बेत होता. दोन खाऊन पोट तुडुंब भरलं, तेवढ्यात त्या तिसरी घेऊन आल्या. मी रीतीप्रमाणे “नको, अहो नको” म्हणत ताटावर हात आडवा धरला. त्यांनी पोळी वाढली, तूप सोडलं, आणि वहीत लिहिलं, ‘नापास’.

“ज्याला ताटावर नाही म्हणता येत नाही, तो साहेबासमोर काय म्हणणार? भूक असेल तर हो, नसेल तर नाही. डोळ्यांत बघून, एकदाच. मधलं काही चालणार नाही.” समोर त्यांचे जर्मन यजमान नमुना म्हणून बसलेले असायचे. एक पोळी झाली की ते “नाइन, डांके”, म्हणजे ‘नको, आभारी आहे’, एवढंच म्हणून पेपर उघडत. आत्या त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, “गेनाऊ. अस्सं.”

ह्या शिक्षणातून कुणाचीच सुटका नव्हती. सीरियाहून आलेला एक फार्मासिस्ट माझ्याबरोबर शिकत होता. यजमानीणबाईंना नकार देणं त्याच्याकडेही पाप. तो बिचारा छातीवर हात ठेवून, डोळे मिटून तिसरी, चौथी पोळी खायचा. आम्ही दोघं पाच शनिवार नापास झालो. सहाव्या शनिवारी मी आत्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, “नको. पोट भरलं.” पोळी निमूट परत गेली. मला इतकं अपराधी आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर न्युरेम्बर्गला वैद्यकीय उपकरणांच्या एका कंपनीत मुलाखत झाली. परवान्याचे सात आठवडे उरले होते. तिथल्या साहेबांनी निर्जंतुकीकरणाच्या एका नियमाबद्दल विचारलं. माझ्या जिभेवर ‘थोडंफार’ आलंच होतं, पण डोळ्यांसमोर तिसरी पोळी उभी राहिली. मी म्हटलं, “दास वाइस इश निष्ट. माहीत नाही. शिकायला महिना लागेल.” साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि ते पहिल्यांदाच हसले. दोन महिन्यांनी मी विमानतळावर लेकीला कडेवर घेतलं.

परवा होळीला आतेसासूबाईंनी आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना जेवायला बोलावलं. फार्मासिस्ट आता औषधाच्या दुकानात पक्का झालाय. जेवणं झाली आणि त्या आग्रहाला उठल्या. फार्मासिस्ट म्हणाला, नको. माझी बायको म्हणाली, नको. यजमानांनी पेपर उघडला. मीही त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, “नको, पोट भरलं.” “शाब्बास, सगळे पास,” असं म्हणून त्या डबा घेऊन आत गेल्या.

पाणी घ्यायला मी मागोमाग गेलो, तर त्या ओट्याशी उभ्या होत्या. डब्यात वीसेक पोळ्या असतील. त्यांवर त्या एकेक करून कागद घालत होत्या, फ्रीझरसाठी. एका पोळीवर पेपर उघडणारे यजमान सोडले, तर पस्तीस वर्षं ह्या बाईला आग्रह करायला माणूसच नव्हतं. आणि आता माणसं आली, तर त्यांना नको म्हणायला शिकवून बसल्या. मला फार वाईट वाटलं. मी ओट्यावरचं एक ताट उचलून पुढे केलं.

“आत्या, एक वाढा.”

“पोट भरलंय ना तुमचं?”

“भरलंय. तरी वाढा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कागद बाजूला काढून दोन पोळ्या वाढल्या, वर चांगलं दोन चमचे तूप घातलं, आणि पदराने डोळे टिपत म्हणाल्या, “नापास.”