केळवणांची राखण

भाचीचं लग्न डिसेंबरात ठरलं आणि ताईने मला एकच काम दिलं: नवरीला धडधाकट बोहल्यावर उभी करायची. आदल्या वर्षी तिची थोरली लेक स्वतःच्याच लग्नात तापाने फणफणली होती. सगळ्या फोटोंत डोळे लाल, आणि पाहुण्यांची खात्री झाली की पोरीला मनाविरुद्ध उभी केली आहे. ताईला ते अजून पचलेलं नाही.

अडचण एकच, केळवणं. लग्नाआधी नातेवाइकांकडे नुसतं जेवून भागत नाही, घरातल्या प्रत्येक बाईच्या हातून घास खावा लागतो. त्या पंधरवड्यात ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळं गणगोत खोकत होतं आणि सर्दी एकालाही नव्हती. घोडबंदर रोडच्या काकू म्हणाल्या, "खोदकामाची धूळ गं!" कल्याणच्या चुलत आजींना एसी बाधला होता. साधा विषाणू आमच्या नात्यात कुणाला बाधतच नाही.

मी प्रत्येक ताटाशेजारी ठाण मांडायचे. "आमच्या माहेरी चमच्याने भरवायची पद्धत आहे," ही थाप चार घरांत बिनबोभाट खपली. पद्धत म्हटलं की आमचे लोक पुढचं विचारत नाहीत.

डोंबिवलीच्या आत्यांकडे, म्हणजे ताईच्या नणंदेकडे, मात्र गाडी अडली. नाक लाल, आवाज बसलेला, हातात श्रीखंडपुरीचा घास. "कंपन्यांचा धूर," त्यांनी न विचारताच जाहीर केलं.

"आत्या, चमचा घ्या ना."

"चमच्याने भरवायला ती काय आजारी आहे?"

"ती नाही," मी म्हटलं.

पंगत गार पडली. ताईने कपाळाला हात लावला. तेवढ्यात भाची लाडात येऊन म्हणाली, "आत्या, तुझ्या हातचा घास आम्ही जोडीने येऊन खाणार. आज एकटीला कशाला?" आत्या विरघळल्या. कार्टी माझ्यापेक्षा सवाई निघाली.

लग्नाच्या दिवशी भाची अशी टवटवीत, की ताईने भर हॉलमध्ये मला मिठी मारली. अंतरपाट धरला गेला आणि पलीकडून अशी दणदणीत शिंक आली की भटजी मंगलाष्टक विसरले. केळवणं जावयाचीही झाली होती, चौदा घरी, आणि त्याच्यावर कुणी मावशी नेमलेली नव्हती. "इतका गुणी, कुणाचाच घास नाकारला नाही," त्याची आई कौतुकाने सांगत होती.

अंतरपाट दूर झाला. भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून मास्क काढला, फोटोग्राफरने डोळे वटारले, मी तो परत ठेवला. तिने हार घातला.

तिसऱ्या दिवशी नवी नवरी सासरी अंथरुणात. ताई रडायला लागली. मी घाबरत फोन लावला.

"मावशी, झकास चाललंय," भाची कुजबुजली. "सासूबाई पेज आणून देतात, दीर औषधं. स्वयंपाकघराचं कुणी नाव काढत नाही. ताप सकाळीच उतरलाय, पण तू कुणाला बोलू नकोस हां."