ओढ्यापलीकडून निघायची लेझीम

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. कडेगावच्या आमच्या कॉलेजचं शिबिर गावात आलं तेव्हा सरांनी मला विचारलं, समारोपाला काय करूया? मी भीत भीत म्हटलं, लेझीम. आमच्या गल्लीतल्या सहा मुली, ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या सहा, आणि जोड्या मिसळून. लग्नकार्यात हलगी वस्तीतूनच येते, जेवायला मात्र ती वाजवणारी माणसं शेवटी, बाजूला बसतात. हे कुठंतरी थांबावं असं मला मनापासून वाटत होतं.

माझी जोडीदार वस्तीतली, माझ्याच वर्गातली. हलगी तिचे वडील वाजवायचे. शाळेच्या मैदानात आठवडाभर सराव झाला. माझा पाय चुकला की ती हसायची, "आगं, उसात पाणी पाजल्यागत काय चालतीयास?"

लेझमीची मिरवणूक वस्तीतून निघून वर चौकात यावी, हेही मीच सुचवलं. शिबिराच्या बैठकीत कुणी नाही म्हटलं नाही.

त्या दिवशी मी मुलींना बोलवायला निघाले, तर चुलतीनं दारातच अडवलं.

"चौकात नाच की. खाली कशाला?"

"आवं काकी, तिथनंच निघायचं ठरलंय."

"कुणी ठरीवलं? तू? लय शिकलीस."

बाकीच्या घरांतही तेच ऐकलं.

मी एकटीच खाली गेले. सहाही जणी नऊवारी नेसून रांगेत उभ्या होत्या. जोडीदाराचे वडील उसाचं पाचट पेटवून हलगी शेकत होते. गार पडली की तिचा आवाज बसतो, म्हणून पुन्हा शेकायचे.

"येत्यात न्हवं पोरी?" त्यांनी विचारलं.

"येत्यात," मी म्हणाले. येणार नाहीत हे मला माहीत होतं.

मग सरांचा फोन आला. आपल्या मुली चौकात तयार आहेत, तुम्हीच या वर.

मी निरोप सांगितला. जोडीदार म्हणाली, "आमी रोजच वर येतो की. आज तुमी येणार हुता." तिनं लेझीम माझ्या हातात दिली. मग बाकीच्यांनीही दिल्या.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण सर वाट बघत होते, गाव जमलं होतं. मी लेझमी उचलून वर गेले. स्पीकरवर गाणं लावलं आणि आम्ही सहा जणी आपापसातच जोड्या लावून खेळलो.

शिबिराचा अहवाल मीच लिहिला. त्यात बारा मुली असं लिहिलं. सरांनी काही खोडलं नाही.

जोडीदार अजून माझ्याच एसटीनं कॉलेजला येते. पूर्वी जी आधी चढेल ती दुसरीची जागा धरायची. आताही मी धरते. ती पुढं जाऊन उभी राहते.