टाकळ्याची भाजी आणि तुपाचा वास

आज घरात टाकळ्याची भाजी शिजते आहे आणि तिच्या उग्र वासाने मला ठाण्यातले शाळेचे दिवस आठवले. मी कुणब्याचा. पावसाळाभर एका आण्यात दिवस काढायचो, नाचणीची भाकरी आणि रस्त्याकडेचा टाकळा खाऊन. शेजारच्या खोलीतला ब्राह्मणाचा सदाशिव मात्र रोज वेगळ्या घरी वाराने जेवायचा. त्याच्या हाताला येणाऱ्या तुपाच्या वासाने माझा जळफळाट व्हायचा.

एकदा जेवून आल्यावर तो दार लोटून म्हणाला, "अर्धी भाकरी दे रे."

"तूप एवढ्यात जिरलं?"

"वाराच्या घरी पुन्हा मागता येत नाही. कुणब्याच्या हातचं खाल्लं हे कुणाला सांगू नकोस हं, माझे वार बंद होतील."

मी कुणालाच सांगितले नाही. आज त्याची कीव येते. तेव्हा मात्र भाकरी मोडतानाही वाटले, आपल्यालाही एकदा कोणी पाटावर बसवून वाढावे.