तीन पाण्यांचं पथ्य

पथ्यबाईंच्या स्वयंपाकघरात वासाला थारा नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली होती, तीही पथ्याच्या टेबलावर. मूत्रपिंडाचे रोगी, पोटाचे रोगी, कालच शस्त्रक्रिया झालेले, या सगळ्यांचं जेवण त्यांच्या हातचं. भाजी उकळायची, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा उकळायची. मांस तर तीन पाण्यांतून काढायचं. तिसऱ्या पाण्यानंतर त्याला ना रंग राही ना चव. रोगी तोंड वाकडं करत. बाई म्हणत, "जिभेचे लाड घरी जाऊन करा. इथे जगायचंय." आणि बरेचसे जगलेही. त्यामुळे या तीन पाण्यांवर बाईंचा जेवढा विश्वास होता, तेवढा लग्नाच्या नवऱ्यावरही कधी बसला नाही.

निवृत्तीनंतर हा विश्वास कुत्र्यामांजरांच्या वाट्याला आला.

सुरुवात झाली ती शेजारच्या शिक्षिकेच्या कुत्र्यापासून. त्याच्या अंगाला खाज, जागोजाग केस गेलेले, गळ्यात तो प्लास्टिकचा कर्णा. इंजेक्शनं झाली, मलमं झाली. बाईंनी त्याचं पाकिटातलं खाणं बंद केलं आणि दोन महिने भात, गाजर आणि तीन पाण्यांतलं कोंबडीचं मांस दिलं. खाज गेली. कुत्रा चकाचक झाला आणि शिक्षिकेने ते साऱ्या गल्लीला ऐकवलं. मग काय विचारता! वर्षभरात एकोणीस घरी डबे जायला लागले. प्रत्येक डब्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी असे: 'औषध नको, पथ्य हवं.'

धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून बाईंकडेच राहणारी, डबे भरायची आणि भरता भरता तोंड चालवायची.

"ताई, हे तू आजाऱ्यांना द्यायचीस. ही जनावरं तर धडधाकट आहेत."

"आहेत ना? मग तशीच राहू देत. पथ्य आजारी पडायच्या आधी करायचं असतं."

"माणसाला दिलंस तर माणूस आजारी पडेल या जेवणाने."

"तुला कोण देतंय?"

कुत्र्यांच्या मागून मांजरं आली, एकूण आठ. त्यांना भात कमी, मांस जास्त, एवढाच फरक. भांडं तेच आणि पाणीही तितक्याच वेळा फेकायचं. कलेजी, काळीज, कातडी असलं काही बाई घरात येऊ देत नसत. घाण ती घाण. घरचा राखाडी बोका मुकादम ओट्याच्या कोपऱ्यावर बसून सगळ्या कामावर देखरेख करी आणि शेवटी आपला वाटा घेई. दोन वर्षं तोही याच डब्यावर होता. अलीकडे तो फारसा उड्या मारत नव्हता. बाई म्हणत, "शहाणा झालाय."

मांजरांच्या आठ घरांतलं एक घड्याळजीचं. एकटा माणूस, खाली हातभर रुंदीचं दुकान, वर एक खोली. मांजरीचं नाव त्याने कमानी ठेवलं होतं, घड्याळातल्या कमानीसारखी एका जागी गुंडाळून बसते म्हणून. ती दिवसभर दुकानाच्या काउंटरवर असायची, दिव्याच्या उबेला. गिऱ्हाईक आलं की आधी तिला उचलायचं, मग घड्याळ ठेवायचं.

एकदा डबा द्यायला गेलेल्या बाईंना वास आला. त्यांनी थेट आत हात घातला आणि काउंटरच्या मागून बशी काढली. बशीत कोंबडीची कच्ची कलेजी आणि काळजाचे दोन तुकडे.

"हे काय?"

घड्याळजी डोळ्यावरचं भिंग काढून शाळकरी पोरासारखा उभा राहिला. "आठवड्यातून दोनदाच देतो, बाई. खाटकाच्या दुकानाकडे तोंड करून ओरडत बसते हो. बघवत नाही."

"ओरडू दे. रोगी पण ओरडायचे. तुम्हाला तिला जगवायचंय की तिचे लाड करायचेत?"

"जगवायचंय."

"मग हे बंद. नाहीतर माझा डबा बंद."

त्याने बंद केलं. कमानी महिनाभर ओरडली, मग गप्प झाली. तीन-चार महिन्यांनी तिला धाप लागायला लागली. पोट आत-बाहेर व्हायचं, तोंड उघडं राहायचं. एका दुपारी ती काउंटरवरच गेली. घड्याळजी तसाच बाईंच्या दारात आला, हाताला तेल, पायात दोन वेगळ्या चपला.

"बाई, मीच मारली. ती कलेजी घातली ना मी इतके दिवस, ती तिला भोवली. तुम्ही सांगत होता."

बाईंच्या हातात तेव्हा चाळण होती. त्या म्हणाल्या, "सांगितलं होतं मी."

एवढंच. बसा म्हणाल्या नाहीत, पाणी विचारलं नाही. तो मान हलवत परत गेला.

पुढे डबे इतके वाढले की मोठा फ्रीझर घ्यावा लागला. त्याला जागा करायला दोघी बहिणींनी भांड्यांचं कपाट ढकलत समोरच्या भिंतीला लावलं. संध्याकाळी मुकादम खोलीतून निघाला, नेहमीच्या चालीने, शेपटी उभी करून, आणि सरळ जाऊन कपाटावर आपटला. मागे सरला. पुन्हा निघाला, पुन्हा आपटला.

धाकटी हसली. "मुकादमसाहेब, आज घेतलीय का?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक डबा उचलला आणि त्याच्या वाटेत ठेवला. तो डब्याला धडकला. त्यांनी त्याच्या तोंडासमोर हात हलवला. त्याने पापणी लववली नाही. बाहुल्या मोठ्या आणि काळ्याभोर, दिव्याखालीसुद्धा. घर त्याला पाठ होतं म्हणून कुणाला कळलं नव्हतं, एवढंच.

जनावरांची डॉक्टर धाकटीच्या मुलीच्या वयाची होती. बाई तिच्याकडे आजवर फिरकल्या नव्हत्या, उलट तिची चार गिऱ्हाइकं त्यांनी तोडली होती. तिने बोक्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "काकू, खायला काय देता?"

बाईंनी अभिमानाने सांगितलं. तिन्ही पाण्यांसकट.

"आणि ते पाणी?"

"फेकते. सिंकमध्ये."

डॉक्टरने नळी गळ्यात अडकवली. "मांजराला एक द्रव्य लागतं, काकू. कुत्र्याच्या शरीरात बहुतेक वेळा ते तयार होतं, मांजराच्या पुरेसं होत नाही. ते मांसातूनच मिळायला हवं. काळजात भरपूर असतं, कलेजीतही असतं. मांस उकळलं की ते पाण्यात उतरतं. ते मिळालं नाही की पडदा जातो डोळ्यांचा. हृदय सैल पडतं. धाप लागते."

"धाप," बाई म्हणाल्या.

"याच्या हृदयासाठी औषध देऊन बघू, सुधारेल कदाचित. डोळे यायचे नाहीत. घरचं खाणं वाईट नसतं हो. पण मांजर म्हणजे काही लहान कुत्रा नाही. आणि माणूस तर नाहीच." तिने कागद पुढे ओढला. "असा डबा आणखी कुणाकडे जातो?"

घरी आल्यावर धाकटीने बरंच ऐकून घेतलं आणि मग तिला जे सुचलं ते सांगितलं. "उद्यापासून पाणी फेकू नको. काळीज घाल. झालं! सांगायचं कशाला कुणाला? आपण काय मुद्दाम केलं?"

"ज्यांचं आधीच बिघडलंय त्यांचं काय? त्यांना डॉक्टरकडे कोण पाठवणार?"

"लोक तोंडात शेण घालतील, ताई."

"घालू देत. चवीची सवय नाहीच मला."

दुसऱ्या दिवशी त्या सात घरी गेल्या. दारात उभं राहूनच सांगायच्या, इस्पितळात पाळी बदलताना सांगायच्या तसं: माझं चुकलं, आजपासून डबा बंद, मांजर आजच डॉक्टरला दाखवा, हा पत्ता. एकीने दार तोंडावर आपटलं. एक जण म्हणाला, आमचं तर टुणटुणीत आहे, तुमचंच काहीतरी झालंय. हे कानावर गेल्यावर शेजारच्या शिक्षिकेने, जिने त्यांना डोक्यावर घेतलं होतं, कुत्र्याचाही डबा बंद केला आणि म्हणाली, "तुमच्या अंगावर पांढरा कोट नव्हता हे आम्हीच विसरलो." बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

आठवं घर राहिलं.

"तिथे कशाला?" धाकटीने चप्पल घालणाऱ्या बाईंचा दंडच धरला. "तिथे मांजर कुठे आहे? मेलेल्याला डॉक्टर काय करणार? म्हाताऱ्याला उगाच उकरून काय मिळणार तुला?"

"तो समजतो त्याने मारली."

"समजू दे. सावरलाय आता."

"माझ्याच बोलण्याने तसं समजतोय तो," बाई म्हणाल्या आणि दंड सोडवून घेतला.

घड्याळजी एका मनगटी घड्याळावर वाकला होता. काउंटरवर दिव्याखाली कमानीची जागा तशीच मोकळी होती. हत्यारं तिला वळसा घालून मांडलेली. बाईंनी पिशवी तिथे ठेवता ठेवता हात मागे घेतला.

"बसा, बाई."

"बसत नाही. ऐका. कलेजीने नाही गेली ती."

त्याने भिंग काढलं.

बाईंनी सगळं सांगितलं. द्रव्य, पाणी, सिंक, मुकादमचे डोळे. काही राखून ठेवलं नाही. "तुम्ही देत होता त्यावर ती टिकली होती. मी बंद करायला लावलं. तुम्ही नाही मारली, मी मारली. आणि वर तुम्हाला बोल लावला."

रस्त्यावरून एक सायकल गेली. भिंतीवरची घड्याळं आपापली वेळ दाखवत होती, कुठलीच दुसरीशी जुळत नव्हती.

बाईंना वाटलं होतं, तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. किंवा त्याच्या छातीवरचं ओझं उतरेल, निदान तेवढं तरी. त्याच्या चेहऱ्यावर तसलं काही आलं नाही. तो मोकळ्या जागेकडे बघत राहिला.

"म्हणजे ती मागत होती," तो म्हणाला, "तेच बरोबर होतं."

"हो."

"महिनाभर मागत होती."

बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"तिला कळत होतं. मलाही बघवत नव्हतं. आणि मी ऐकलं तुमचं." त्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, पण घड्याळ हातात घेतलं नाही. "तुम्ही निघा आता, बाई. आलात ते बरं केलंत. पण परत येऊ नका."

बाई निघाल्या. पायरीवर त्यांना आठवलं की पिशवी हातातच आहे, आणि पिशवीत त्याचा डबा, कधीचा परत करायचा राहिलेला. त्या मागे वळल्या नाहीत.

घरी धाकटी फ्रीझरमधली पाकिटं काढून चिठ्ठ्या सोलत बसली होती. तिने मान वर केली, बहिणीचं तोंड पाहिलं, आणि पाकिटं बाजूला सारली.

"उठ," बाई म्हणाल्या. "कपाट परत जागेवर लावायचंय."

"फ्रीझर कुठे ठेवणार?"

"बाहेर. न्यायचा त्याने न्यावा."

दोघींनी कपाट ढकललं. एकदा मधेच अडकलं, पाय घासला, फरशीवर पांढरी रेघ उठली. जुन्या जागेवर बसलं तेव्हा दोघीही दम खात उभ्या राहिल्या. मुकादम खोलीच्या दारात आला. थबकला. कपाट होतं त्या बाजूला त्याने नाक पुढे केलं, जरा वेळ घेतला, मग शेपटी उभी करून ओट्यापर्यंत सरळ चालत गेला. उडी मारायला वर मान केली, आणि खालीच बसला.

बाईंनी त्याला उचलून त्याच्या कोपऱ्यावर ठेवलं. मग पातेल्यात काळीज घातलं, एकच पाणी ओतलं आणि झाकण लावलं. थोड्या वेळाने सगळ्या घरभर वास सुटला. त्यांनी खिडकी उघडली नाही.