दहा दिवसांची पोथी

वडील गेले तेव्हा आई जवळ नव्हती. रात्रभर दवाखान्यात जागून ती सकाळी आंघोळीपुरती सक्करदऱ्याच्या घरी आली होती, आणि तेवढ्यात ते गेले. जवळ मी होते. एकोणीसशे साठच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी शाळेत शिकवत होते.

सुतकात आमच्याकडे एक पोथी वाचतात. ती मरणाची पोथी. एरवी घरात ठेवत नाहीत, उघडतही नाहीत. कोणी गेलं की देवळातून आणायची, दहा दिवस संध्याकाळी वाचून घ्यायची, मग परत करायची. त्यामुळे ती ज्यांच्या कानावर पडते, त्यांचे कान त्या दिवसांत कुठे जागेवर असतात? वाचायला येणाऱ्या महाराजांना आणखी एका घरी जायचं असायचं. ते एका दमात वाचत. शेजारचे लोक सतरंजीवर बसत, पोथीला हात जोडत आणि मग हळू आवाजात बदल्यांचं, पेन्शनचं बोलत. मीही ऐकत नव्हते. भिंतीला टेकून नुसती बसून असे.

तिसऱ्या दिवशी आत्या आईला म्हणाली, "वैनी, बायको जवळ नसतानी जीव गेला, त माणूस दारातच थांबते. तिची वाट पाह्यते. पोथीत लिहून हाय."

आत्या वडिलांची थोरली बहीण, सुतकासाठी कुहीहून आलेली. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. भाताच्या बांधीत पाणी किती आहे ते सांगावं, तसं तिनं सांगितलं.

तेव्हापासून आई दाराकडे तोंड करून बसू लागली. ताट समोर ठेवलं तर भात चिवडायची आणि सरकवायची. एकदा मला म्हणाली, "तू शिकलेली आहेस. पोथीत पाहून सांग, खरंच तसं आहे का. मले हे सहन नाही होत."

मी महाराजांना विचारलं. ते उपरणं झटकत म्हणाले, "असंल ना, बाई. एवढी मोठी पोथी हाय, त्यात काय नसंल?"

मग दुपारी सगळे पडले की मी पाय पसरून वाचायला बसू लागले. श्लोकांखाली बारीक अक्षरात मराठी अर्थ होता. डोळे चुरचुरत. एकेक ओळ दोनदा वाचावी लागे, कारण पहिल्यांदा मन तिथं नसायचंच. यमाची वाट होती, नदी होती, कोणतं दान केलं की काय मिळतं ते होतं. दारात थांबलेला नवरा कुठे नव्हता. नवव्या दिवशी पोथी संपली.

आईला सांगितलं तेव्हा आत्या शेजारी तांदूळ निवडत होती.

"तू वाचली? आन ते बी पाय पसरून?" ती म्हणाली. "शाळेतलं पुस्तक हाय का वं ते?"

"आत्या, त्यात तसं काही नाही."

"नाही कसं? मी आयकली ना. सासरा मेला तवा आयकली, हे गेले तवा आयकली."

"दारात थांबायचं ते महाराजांनी वाचलेलं ऐकलं?"

"सासूनं सांगतलं. मी धानाच्या रोवण्यात होती. बांधीतून येईस्तोवर हे गेले होते. सासू म्हने, आता थांबन तो दारात. पोथीत हाय म्हने."

सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं.

"पुरी वाचली तू?"

"पुरी."

"पान नाही सोडलं?"

"नाही, आत्या."

"मंग इतके वर्सं रोज सांजच्याले मी दारात पानी कोनाले ठेवून राह्यली वं?"

हे सांगताना मी आईपुरतंच पाहिलं होतं. आई उठली, तिनं आत्याच्या मांडीवरचं सूप काढून घेतलं आणि उरलेले तांदूळ स्वतः निवडायला घेतले.

संध्याकाळी वाचन संपल्यावर आई आत्याला म्हणाली, "चला बाई, दोन घास खाऊन घेऊ."

"तुम्ही जेवा, वैनी," आत्या म्हणाली, आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.