शेपटीसकट मोजलेला थेंब

खात्यात तिला सगळे दोरेवाली म्हणत. तोंडावर ‘बाई’, पाठीमागे दोरेवाली. कुणी कुणाचं डोकं फोडलं, पोट फाडलं, की प्रेत उचलून नेल्यावर हिची गाडी यायची. पेटीत पांढऱ्या दोऱ्याची रिळं, चिकटपट्टी, भिंग आणि मिलिमीटरची पट्टी. रक्त कुठून उडालं ते ती दोरे ताणून सांगायची. कुऱ्हाड चाललेली स्वयंपाकघरं, फुटक्या बाटल्यांनी भोसकाभोसकी झालेले दारूचे अड्डे, कुठल्या तरी न्हाणीघराच्या फरशा, अकरा वर्षं ती अशा जागांत गुडघ्यांवर रांगली होती. घरी आली की आधी डोक्यावरून आंघोळ, मगच लेकीला हात लावायचा.

गंमत अशी, की शाळेत भूमिती म्हटलं की ती शेवटच्या बाकावर लपायची. गणिताचे सर चुकणाऱ्या मुलीचं कपाळ धरून फळ्यावर आपटायचे, तेही काढलेल्या काटकोनाच्या खुणेवर नेमकं. “इथं, इथं नव्वद अंश असतात,” म्हणायचे. मनोरा आणि त्याची सावली हे उदाहरण तिला मोठेपणीही कपाळाच्या ठणक्यासकट आठवायचं. तीच मुलगी पुढे काटकोन त्रिकोणावर पोट भरू लागली.

तिचं काम समजायला अवघड नाही. सरळ वरून पडलेला थेंब फरशीवर गोल उमटतो. तिरका आला तर लांबट. जितका तिरका, तितका लांब. डागाची लांबी म्हणजे कर्ण आणि रुंदी म्हणजे समोरची बाजू धरून काटकोन त्रिकोण काढला, की थेंब किती चढावरून आला ते कळतं. मग तोच चढ घेऊन मोठा त्रिकोण काढायचा. पाया म्हणजे दोरे एकत्र येतात तिथपासून डागापर्यंतचं फरशीवरचं अंतर, उंची जखमेची. काळजी एकच घ्यायची. लांबट थेंबाला पुढे बारीक शेपूट फुटतं, बेडूकमाशाला असतं तसं. ते मोजायचं नाही. मोजायचं ते फक्त पोट.

ज्या केसची ही गोष्ट आहे ती एका शिंपिणीची. एका खोलीचं घर, खिडकीपाशी शिलाई मशीन, बाजूला कापडं इस्त्री करायचं टेबल. सहा किलोची जुनी लोखंडी इस्त्री. त्या इस्त्रीने तिने नवऱ्याच्या कवटीवर दोन घाव घातले आणि तो मेला. डाव्या कानाच्या वरचं हाड आत गेलं होतं. शिवायला आलेला एक पिवळा झगा रक्ताने थबथबून मशीनला चिकटला होता. दोन वर्षांचं पोर मशीनखाली सापडलं, हातात कापडाची चिंधी.

शिंपिणीच्या गळ्यावर बोटांचे काळेनिळे वळ होते. एका डोळ्यातली शीर फुटून तो लालभडक झाला होता. “त्याने गळा धरला होता,” ती फाटक्या आवाजात म्हणाली. “पहिला घाव बसला तरी सोडला नाही. म्हणून दुसरा घातला.”

मयताच्या भावाचं म्हणणं वेगळं. पहिल्या घावालाच माणूस खाली कोसळला, आणि पडलेल्या माणसाचं डोकं हिने ठेचलं.

सगळं अडलं होतं ते दुसऱ्या घावावर. कारण पहिल्या घावाला रक्त फारसं उडत नाही. कातडी फाटते, जागा ओली होते. त्या ओल्या जागेवर पुन्हा बसला की उडतं. म्हणजे फरशीवरचे डाग दुसऱ्या घावाचे, आणि त्या क्षणी डोकं किती उंचीवर होतं हे सांगायचं काम दोरेवालीचं.

त्या दिवशी ती फरशीवर ओणवी असताना फोन वाजला. सासूबाई.

“पोरगी आली नाही अजून. मी काही म्हणत नाही, नुसतं कळवते.”

“बस उशिरा असेल, आई.”

“बस येऊन गेली. हिच्या मैत्रिणी उतरल्या. मी काही म्हणत नाही.”

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. मग पुन्हा. समोर फरशांच्या फटीत गोठलेलं रक्त, नाकात त्याचा वास, आणि मनात लेक कुठल्या तरी अशाच खोलीत. या नोकरीत आई झालेल्या बाईच्या डोक्यात काय काय येतं ते सांगण्यात अर्थ नाही. पाच डागांची मापं तिने भराभर घेतली, वहीत उतरवली, फोटोवाल्याला “तू काढून घे सगळे” म्हणाली आणि धावत सुटली. लेक शाळेतच होती, वाचनालयात झोपलेली. दोरेवालीने तिला उठवलं आणि सगळ्यांसमोर एक सणसणीत कानाखाली वाजवली. मग मिठी मारून रडली.

अहवाल त्या वहीवरून गेला. जखमेची उंची सत्तर सेंटीमीटर. उभ्या माणसाचं डोकं सत्तर सेंटीमीटरवर नसतं. खटला चालेपर्यंत शिंपीण तुरुंगात गेली, पोर गेलं मयताच्या आईकडे.

सात महिन्यांनी, साक्षीच्या आधीचा रविवार. दुपारी जेवणाच्या टेबलावर एका टोकाला दोरेवाली केसची फाइल वाचत बसली होती, दुसऱ्या टोकाला लेक परीक्षेचा अभ्यास करत होती.

“आई, हे पुस्तक चुकलंय.”

“पुस्तकं चुकत नाहीत, बाईसाहेब. वाच.”

“भिंतीला पंधरा फुटांची शिडी तिरकी टेकवली आहे. शिडीचं वरचं दोन फुटांचं टोक भिंतीच्या वर निघालं आहे. शिडीचा पाया भिंतीपासून पाच फुटांवर आहे, तर भिंतीची उंची किती?” लेक म्हणाली, “मी केलं. पंधराचा वर्ग उणे पाचचा वर्ग. दोनशे. दोनशेचं वर्गमूळ येतच नाही नीट.”

“कर्ण किती घेतलास?”

“पंधरा. शिडी पंधराच फुटांची आहे ना?”

“अगं, त्रिकोण कुठं संपतो? भिंत संपते तिथं. वर निघालेला तुकडा त्रिकोणात आहे का? नुसता हवेत लोंबतोय तो. तो कशाला मोजलास? तेरा घे.”

“तेराचा वर्ग एकशे एकोणसत्तर, उणे पंचवीस, एकशे चव्वेचाळीस. बारा.” लेक खूश झाली. “बारा फूट. अरे, किती सोपं.”

दोरेवालीचं लक्ष नव्हतं. समोरच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, रुंदी पाच, लांबी नऊ. तिने फाइलीतून त्या डागाचा फोटो बाहेर काढला. फोटोत डागाशेजारी पट्टी ठेवलेली होती. भिंग लावलं. डागाचं पोट सहाव्या रेघेला संपत होतं. सहा ते नऊ, नुसतं शेपूट.

दुसरा डाग. तिसरा. पाचही डाग शेपटीसकट मोजले होते.

तिने लेकीच्या वहीचं पान फाडून घेतलं आणि मनोऱ्याचं उदाहरण सोडवावं तसं सोडवलं. कर्ण सहा, समोरची बाजू पाच. छत्तीस उणे पंचवीस, अकरा, म्हणजे पाया तीन पूर्णांक बत्तीस शतांश. चढ दीडपट. फरशीवरचं अंतर एकशे पाच सेंटीमीटर. उंची एकशे अठ्ठावन्न.

नवरा पाच फूट सात इंचांचा होता.

“आई, तू पांढरीफटक पडली आहेस,” लेक म्हणाली.

सोमवारी ती साहेबांसमोर उभी राहिली. साहेबांनी पाचही फोटो पाहिले, चष्मा काढला, परत घातला.

“सही झाली आहे, बाई. अहवाल सात महिन्यांपूर्वी गेलाय.”

“चुकीचा गेलाय, साहेब.”

“तुम्ही कोर्टात उभं राहून असं म्हणालात, की अकरा वर्षांतली प्रत्येक केस उकरली जाईल. त्यांतले खुनी बाहेर येतील, आणि येऊन तुमचंच दार ठोठावतील. पोरगी आहे ना तुम्हाला?”

“आहे.”

“मग विचारतील तेवढंच बोला. माप कसं घेतलं हे कोण विचारतंय? मला या घोळात ओढू नका.”

त्या रात्री तिला झोप लागली नाही, एवढंच सांगून पुढे जाऊ.

साक्षीला ती पिंजऱ्यात चढली. सरकारी वकिलांनी अहवाल वाचला आणि नुसतं विचारलं, “हे बरोबर आहे?”

“नाही,” ती म्हणाली. “माप माझं चुकलं. थेंबाचं शेपूट लांबीत धरलं गेलं.”

कोर्टात एकदम कालवा झाला. वकील ओरडले, “सात महिने झोपला होतात? कुणी शिकवलं हे बोलायला?” ती फोटो पुढे करत राहिली.

न्यायाधीशांनी विचारलं, “म्हणजे तो उभा होता?”

इथे खोटं बोलणं सोपं होतं. शिंपीण तिच्याकडे टक लावून बघत होती.

“तसं छातीठोक सांगता येत नाही, साहेब. थेंब वळण घेत खाली येतो आणि दोरा सरळ असतो. त्यामुळे उंची जास्तीत जास्त किती, तेवढंच कळतं. एकशे अठ्ठावन्नच्या वर नव्हतं. तो उभा असू शकतो. पडलेला होता असं मी लिहिलं, त्याला काही आधार नाही.”

बाहेरच्या बोळात मयताच्या भावाने तिला गाठलं. केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. “माझ्या भावाला दुसऱ्यांदा मारलंस,” तो म्हणत होता. शिपायांनी त्याला ओढून बाजूला काढलं तेव्हा तिच्या भुवईवरून रक्त गळत होतं. फरशीवर थेंब पडत होते आणि ती सवयीने त्यांच्याकडे बघत होती. गोल होते सगळे.

भुवईला चार टाके पडले. खात्याने तिची पेटी काढून घेतली, चौकशी लावली आणि तिला नोंदी ठेवायच्या खोलीत बसवलं. जुन्या केसेस खरंच उकरल्या गेल्या. फोटोंवरून एकेक माप पुन्हा घेतलं गेलं. दुसरी चूक अजून सापडलेली नाही, पण बऱ्याच फाइली बाकी आहेत. दारावर थाप पडली की ती आधी लेकीला आतल्या खोलीत पाठवते.

निकालाला ती गेली. मागच्या बाकावर बसली. माणूस पडलेला होता हे सिद्ध होत नाही, गळ्यावरच्या खुणा खऱ्या आहेत, म्हणून शिंपीण सुटली.

दाराशी दोघी समोरासमोर आल्या. शिंपिणीचा आवाज अजून फाटकाच होता. गळ्यातलं काहीतरी कायमचं चिरडलं गेलं होतं.

“मला माफ कर,” दोरेवाली म्हणाली.

“सात महिने, बाई. काल आजीने माझ्या पोरीला भेटायला आणलं. मी हात पुढे केले तर किंचाळली. आजीच्या मागे लपली. मी खून करणारी आहे असं तिला शिकवलंय.”

“मी काही करू शकले तर...”

“तुम्ही खरं बोललात, ते मी ऐकलं. पण आत्ता मला तुमच्याशी बोलवत नाही. ताबा मागायला अर्ज करायचाय, वकील थांबलेत.”

आणि ती जिना उतरून गेली. शाळा सुटायला अजून तास होता. तरी दोरेवाली तडक निघाली आणि लेकीच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.